मोठ्या कंपनीत लागलेल्याला काय आवडतं, काय खुपतं

मुलगा किंवा मुलगी 'कंपनीत लागली' की गोव्यातल्या घरात त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवला जातो. सरकारी जागेची जाहिरात, परीक्षा आणि यादी यांची वाट पाहून थकलेल्या घरात तर आनंद जास्तच. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी, बेतोडा, मडकई, कुंकळ्ळी इथले मोठे कारखाने, किनाऱ्यावरची मोठी हॉटेलं, बँका ही आपल्याकडची 'कंपनी'. आठ-दहा महिन्यांनी त्याच मुलाला विचारा, तो एका दमात दोन गोष्टी सांगेल. पगार ठरल्या तारखेला खात्यात पडतो, एक दिवस इकडे-तिकडे होत नाही. आणि मोडलेली खुर्ची बदलून मिळायला तीन आठवडे लागतात.

पहिली गोष्ट चांगली, दुसरी वाईट, असं म्हणून विषय सोडला तर हाताला काहीच लागत नाही. ज्या व्यवस्थेमुळे पगार चुकत नाही, तीच व्यवस्था खुर्ची अडवून धरते. मोठ्या कंपनीतल्या बहुतेक आवडीच्या गोष्टींच्या पाठीला अशी एक नावडीची गोष्ट चिकटलेली असते. ती कुठे आणि का चिकटली आहे हे कळलं, की कशासाठी भांडायचं आणि कशासाठी दम धरायचा हे ठरवणं सोपं जातं.

खुर्चीला तीन आठवडे का

म्हापशाच्या बाजारातल्या दुकानात पाच माणसं कामाला असली तर पात्रांव, म्हणजे मालक, सगळ्यांना नावानिशी ओळखतो. कोणाची आई आजारी आहे, कोणाला लवकर घरी जायचंय, त्याला माहीत असतं. खुर्ची मोडली तर संध्याकाळपर्यंत तोच दुसरी घेऊन येतो. पाच माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १०. माणसं ५० झाली की जोड्या १,२२५ होतात आणि ५०० झाली की १,२४,७५०. एवढं बोलणं कोणालाच शक्य नाही. म्हणून कंपनी माणसांना पायऱ्यांवर बसवते. एका इनचार्जच्या हाताखाली आठ जण धरले, तर १,००० कामगारांवर १२५ इनचार्ज लागतात, त्यांच्यावर १६ सेक्शन हेड, त्यांच्यावर २ डिपार्टमेंट हेड आणि सगळ्यांवर एक प्लांट हेड. म्हणजे मशीनवरच्या माणसाचं म्हणणं प्लांट हेडपर्यंत पोचायला मध्ये तीन तोंडं, आणि प्रत्येक तोंडातून जाताना ते थोडं गुळगुळीत होतं. 'या पट्ट्याने उद्या-परवा कोणाचा तरी हात जाईल' हे वाक्य वर पोचेपर्यंत 'पट्ट्याच्या देखभालीचं काम बाकी आहे' असं होऊन जातं.

खुर्चीची वाट अशी असते. तुम्ही मागणी टाकता, इनचार्ज सही करतो, ॲडमिन ती पर्चेसकडे पाठवतं. पर्चेस तीन कोटेशन मागवतं. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर सही एक पायरी वर जाते. दुकानदार कंपनीच्या यादीत नसला तर आधी त्याची नोंदणी. मग पर्चेस ऑर्डर, मग खुर्ची येते, स्टोअर ती तपासून घेतं, आणि तेव्हा कुठे ती तुमच्या टेबलापाशी पोचते. यातली प्रत्येक पायरी कधीतरी कोणीतरी केलेल्या लबाडीमुळे किंवा झालेल्या घोटाळ्यामुळे आलेली असते. एका माणसाने आपल्या मेव्हण्याकडून दुप्पट भावाने माल घेतला की तीन कोटेशनचा नियम येतो. तो माणूस निघून जातो, नियम राहतो.

याच नियमांमुळे तुमची रजा इनचार्जच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. दोन दिवसांची आजारपणाची रजा शिल्लक असली तर ती शिल्लक असते, साहेबाचा मूड कसाही असो. पात्रांवाकडे तसं नाही. तो प्रेमाने पंधरा दिवस सुट्टी देईल, किंवा रागाने अर्धा दिवसही देणार नाही.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिलेल्याला आणखी एक गोष्ट लगेच पटेल. दोरीला माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण प्रत्येकाचा वाटा कमी होतो. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती अभियंत्याने दोरी ओढायला लावून हे मोजलं आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केलं : आठ जण एकत्र ओढू लागले की एकेकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या साधारण निम्म्यावर येतो. सगळे एकाच क्षणी झटका देत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. मोठ्या कंपनीतल्या मीटिंगा, रोजचे रिपोर्ट, सकाळची दहा मिनिटांची उभ्याने होणारी बैठक हे सगळं तो झटका एकत्र यावा म्हणून असतं. कामगाराला मात्र ते कामातून वेळ खाणारं वाटतं, आणि बऱ्याचदा त्याचं बरोबरही असतं. ज्या मीटिंगमध्ये कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहून होत नाही, तिने दोरीवरचा एकही हात जुळत नाही.

पगाराचा आकडा आणि हातात येणारा पगार

नाराजीची सुरुवात बहुतेकांची इथूनच होते, म्हणून जरा सविस्तर. नेमणूक पत्रावर लिहिलेलं असतं 'वार्षिक सीटीसी ४,२०,०००'. घरात सगळे १२ ने भागतात आणि ३५,००० धरून बसतात. पहिल्या महिन्यात खात्यात २५-२६ हजार येतात आणि फसवल्यासारखं वाटतं. फसवणूक नसते. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च, आणि त्यातला काही भाग महिन्याच्या महिन्याला तुमच्यापर्यंत येतच नाही.

महिन्याचे ३५,००० धरून नमुना पाहू. मूळ वेतन १७,०००. कंपनीचा पीएफचा वाटा १,८००. पीएफचा दर मूळ वेतनाच्या १२ टक्के आहे, पण कायद्याची मर्यादा १५,००० धरून अनेक कंपन्या १,८०० वरच थांबतात. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८१८. आरोग्य विम्याचा हप्ता ५००. वर्षअखेरच्या कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के, म्हणजे ३,५००. हे सगळं वजा केलं की स्लिपवरचा एकूण पगार उरतो २८,३८२. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि कँटीन-बसचे समजा ८०० गेले, की हातात २५,७८२.

वजा झालेल्यातलं परत काय मिळतं, हे प्रत्येक ओळीचं वेगळं आहे. तुमचे १,८०० पूर्ण पीएफमध्ये जातात. तुम्ही पेन्शन योजनेत असाल तर कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० तिकडे जातात आणि ५५० पीएफमध्ये (सप्टेंबर २०१४ पासून १५,००० हून जास्त वेतनावर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्यांना ही योजना लागू नाही, त्यांचे पूर्ण १,८०० पीएफमध्येच जातात). म्हणून पेन्शन योजनेत असाल आणि पासबुकात महिन्याला ३,६०० ऐवजी २,३५० वाढलेले दिसले तर दचकू नका. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि ती ५८ व्या वर्षापासून मिळते. हिशोब असा : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५,००० च्या मर्यादेत २० वर्षं भरली तर सेवेत दोन वर्षं वाढवून धरतात, तरी ५८ व्या वर्षी महिन्याला साधारण ४,७१४ रुपयेच. कंपनीत वीस वर्षं काढली म्हणजे म्हातारपणाची सोय झाली, असं समजणाऱ्यांनी हा आकडा आजच कागदावर लिहून ठेवावा.

ग्रॅच्युइटीचं उलट आहे, हातात येते तेव्हा ती भरघोस वाटते. शेवटचं मूळ वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. शेवटचं मूळ वेतन २६,००० आणि सेवा १२ वर्षं असेल तर १,८०,०००. पण कायम कामगाराला ती पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. तीन वर्षांत सोडून गेलात तर सीटीसीत दिसणारे ते ८१८ कधीच तुमचे होत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. वेतनाची व्याख्याही बदलली आहे : भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याचा जुना मार्ग त्यामुळे अरुंद झाला.

महिन्याचे ते ३,५०० म्हणजे वर्षअखेरचे ४२,०००. त्यांचं काय होतं? कंपनीचा निकाल ८० टक्के आणि तुमचा स्वतःचा १०० टक्के धरला गेला तर ३३,६०० मिळतात. कंपनीच्या निकालावर तुमचा ताबा शून्य, म्हणून हा भाग कर्जाचा हप्ता ठरवताना मोजूच नये.

सही करण्याआधी एचआरला सरळ विचारावं : सगळं वजा जाता महिन्याला खात्यात नेमकं किती येईल? हा प्रश्न विचारल्याने कोणाची नोकरी गेलेली नाही. उत्तर ईमेलवर घ्यावं.

प्रमोशन झालं आणि पगार उतरला

कारखान्यातल्या हुशार ऑपरेटरचं पाच-सात वर्षांनी प्रमोशन होतं. तो 'ऑफिसर' होतो, घरी पेढे येतात, आणि दोन महिन्यांनी चेहरा उतरतो. कामगाराला जादा कामाचा दुप्पट दर मिळतो. महिन्याचा पगार २६,००० असेल तर २६ दिवस आणि ८ तासांनी भागून तासाचे १२५ होतात, जादा कामाचे २५०. महिन्यात १६ तास जादा काम केलं तर ४,००० वर मिळतात. देखरेखीच्या जागेवर बसलेल्याला हा दर बहुतेक ठिकाणी लागू नसतो. प्रमोशनमध्ये ३,००० वाढले आणि ४,००० गेले, म्हणजे हुद्दा चढला आणि पगार हजाराने उतरला. थांबावं मात्र पूर्वीइतकंच लागतं, किंबहुना जास्त, कारण आता बॅच अडली तर जबाबदार तोच. प्रमोशनचं पत्र आलं की मागच्या बारा महिन्यांच्या स्लिपा काढून जादा कामासकट सरासरी काढावी आणि ती पुढे ठेवून बोलणी करावीत. पत्रावर सही केल्यावर ही बोलणी होत नाहीत.

यात एक मानवी नुकसानही आहे, आणि ते कंपनीचंही आहे. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस आता संगणकावर हजेरीचे तक्ते भरतो. आवडीचं काम हातातून गेलं, आणि जे हातात आलं ते कोणी शिकवलेलं नाही. काही कंपन्यांत तंत्रज्ञांसाठी वेगळी शिडी असते. माणसं सांभाळायला न लावता त्यांचा हुद्दा आणि पगार वाढतो. अशी शिडी आहे का, हे मुलाखतीत विचारण्यासारखं आहे.

वार्षिक मूल्यमापन हा याच घरातला दुसरा भांडणाचा विषय. एप्रिल-मेमध्ये वर्षाची उद्दिष्टं लिहून घेतात, मध्ये एक आढावा, मार्चमध्ये स्वतःचं मूल्यमापन, मग साहेबाचे गुण, आणि त्यानंतर ती पायरी, जी कामगाराला दिसतच नाही : सगळ्या विभागांचे गुण एकत्र ठेवून ठरावीक साच्यात बसवणं. दहा जणांच्या टीममध्ये सगळे चांगले असले तरी एक-दोघांनाच वरचा गुण मिळतो, कारण पगारवाढीची एकूण रक्कम आधीच ठरलेली असते. 'साहेबाने तोंडावर छान म्हटलं आणि कागदावर मधला गुण दिला' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच साचा असतो. साहेब त्या बैठकीत तुमच्यासाठी भांडू शकतो, पण त्याच्या हातात दाखले हवेत. मार्चमध्ये त्याला जानेवारी-फेब्रुवारीच आठवतात. पावसाळ्यात तुम्ही रात्रभर थांबून पंप चालू ठेवलात हे तो विसरलेला असतो. दर महिन्याच्या शेवटी दहा ओळी लिहून ठेवा : काय केलं, कोणत्या तारखेला, किती तास किंवा किती माल वाचला. मार्चमध्ये तो कागद साहेबाच्या हातात द्या. याहून उपयोगी सल्ला या बाबतीत कोणी देऊ शकेल असं वाटत नाही.

शिस्तीचं ओझं आणि शिस्तीचा फायदा

औषध कारखान्यात नवा लागलेला मुलगा पहिल्या आठवड्यात वैतागतो. आत जाताना अंगठी, घड्याळ, कानातलं, नेलपॉलिश काही चालत नाही. कपडे बदलायच्या खोलीत पायऱ्या ठरलेल्या, त्यांचा क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बॅचच्या नोंदवहीत चूक झाली तर खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. खोलीचं तापमान मर्यादेच्या वर अर्धा तास गेलं तर त्याची वेगळी नोंद, कारणाचा शोध, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असा तिथला कायदा. अमेरिकेचे किंवा युरोपचे तपासनीस येतात तेव्हा ते गोळीच्या आधी ही वही उघडतात.

हे ओझं आहे खरं, पण याच ओझ्याला बाजारात किंमत आहे. अशा ठिकाणी तीन वर्षं नीट काम केलेल्याला दुसऱ्या राज्यातही नोकरी मिळायला त्रास पडत नाही, कारण तो नोंद कशी ठेवायची हे शिकलेला असतो. मोठ्या हॉटेलातला स्वयंपाकघराचा अनुभव, मोठ्या कारखान्यातला सुरक्षेचा परवाना आणि कुलूप लावून मशीन दुरुस्त करायची सवय यांचंही तसंच. छोट्या ठिकाणी माणूस दहा कामं शिकतो, पण कुठलंच लेखी पद्धतीने नाही. मोठ्या ठिकाणी एकच काम शिकतो, पण ते जगात कुठेही चालतं. कंटाळा मात्र त्या एकाच कामामुळेच येतो. दोन-अडीच वर्षांनी विभाग बदलून मागणं हा त्यावरचा साधा उपाय, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

पाळी, बस आणि चवथ

मोठी कंपनी म्हणजे बहुधा तीन पाळ्या. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत गेल्या तर शरीर लवकर जुळतं, उलट क्रमाने फिरल्या तर झोपेचा जास्त बोजवारा उडतो. पाळ्यांचं वेळापत्रक कामगारांना विचारून बनवलं, तर कंपनीला एक रुपयाही खर्च न होता बरीच नाराजी कमी होते. तरी ते फार कमी ठिकाणी होतं.

कंपनीची बस ही आवडीची गोष्ट, पण तिचा पहिला थांबा कोणाचा हे पाहावं लागतं. पेडण्याहून वेर्ण्याला सकाळी सातच्या पाळीला जाणारा घरातून सव्वापाचला निघतो आणि संध्याकाळी सव्वापाचला परततो. पगार आठ तासांचा, घराबाहेर बारा तास. नवीन झुआरी पूल डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्यावर उत्तरेकडून येणाऱ्यांचा पुलावरचा खोळंबा कमी झाला, पण थांबे गोळा करत फिरणारी बस वेळ खातेच. नोकरी घेण्याआधी एकदा त्या वेळेला तो रस्ता स्वतः फिरून पाहावा.

आणि चवथ. गणपतीला मूळ घरी जायचं नाही हे गोव्यातल्या हिंदू माणसाला सांगताच येत नाही, मग ते मुंबईच्या मुख्य कचेरीतून आलेल्या साहेबाला कितीही अवघड वाटो. त्या दिवसांत एका लाइनवरच्या निम्म्या लोकांचे रजेचे अर्ज येतात. जिथे हे नीट चालतं तिथे दोन गोष्टी दिसतात : अर्ज दीड-दोन महिने आधी घेतले जातात, आणि ख्रिस्ती सहकारी चवथीच्या पाळ्या उचलतात, तर नाताळच्या पाळ्या हिंदू सहकारी. हा करार कुठल्याही नियमपुस्तकात नसतो. तो मोडतो तेव्हा बहुधा कारण एकच : महिनाअखेरचा माल रवाना करायचा म्हणून वरून कोणीतरी शेवटच्या आठवड्यात मंजूर रजा रद्द करतं. मंजूर झालेली रजा रद्द होणं कामगार वर्षानुवर्षं विसरत नाही. न मिळालेली पगारवाढ तो त्याआधी विसरतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारून १९५९ मध्ये जे मांडलं, ते कँटीनमध्ये रोज दिसतं. समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि असमाधान देणाऱ्या वेगळ्या, असं त्याचं म्हणणं. कँटीनच्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, बांगडा चांगला मिळाला म्हणून कोणी जास्त मन लावून काम करत नाही. पण सलग आठ दिवस पाणचट डाळ मिळाली तर सगळी पाळी पेटते. पगाराची वेळ, बस, संडासाची स्वच्छता, साहेबाची भाषा या असमाधान थांबवणाऱ्या गोष्टी. मनापासून काम होतं ते कामातच काही जमल्याचं, कोणीतरी ते ओळखल्याचं समाधान मिळतं तेव्हा. अनेक कंपन्या वार्षिक पार्टीवर खर्च करतात आणि संडासाचा तुटलेला दरवाजा तसाच ठेवतात. तिथे क्रम चुकलेला असतो.

एकाच मशीनवर दोन प्रकारची माणसं

मोठ्या कंपनीच्या गेटवर ओळखपत्रांच्या फिती दोन रंगांच्या दिसल्या की समजावं, आत पर्मनंट आणि कंत्राटी असे दोन वर्ग आहेत. मशीन एक, पाळी एक, पगारात मोठी तफावत. विमा, बोनस, कँटीनचा दर, सगळं वेगळं. मोठ्या कंपनीबद्दलची सगळ्यात खोल नाराजी इथे आहे आणि ती रास्त आहे. कंत्राटावर असाल तर तीन गोष्टी स्वतः तपासा. पीएफचा तुमचा यूएएन क्रमांक कंत्राटदार बदलला तरी तोच राहिला पाहिजे. नवा कंत्राटदार नवा क्रमांक काढू लागला तर जुना द्या. पासबुकात दर महिन्याला रक्कम येते का ते मोबाइलवर पाहा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, तुमचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के घालतो. कापलेले असूनही कार्ड नसेल तर आजारपणात हाल होतात. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. ही जुन्या कंत्राटी कामगार कायद्यातली तरतूद नव्या संहितेतही आहे. त्यामुळे दाद मागताना अर्जात कंत्राटदाराबरोबर कंपनीचंही नाव लिहा.

'मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी' ही समजूतही गोव्याने जवळून तपासून पाहिली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं काम १६ मार्च २०१८ पासून बंद झालं. सांगे, डिचोली, सत्तरीतल्या ज्या घरांत दोन पिढ्या खाणीवर होत्या, तिथे ट्रकचे हप्ते थकले. त्या कंपन्या लहान नव्हत्या. कंपनीचा आकार तुम्हाला साहेबाच्या लहरीपासून वाचवतो, एका मोठ्या ग्राहकाच्या जाण्यापासूनही काही काळ वाचवतो. सगळा धंदाच एका परवान्यावर किंवा एका खनिजावर उभा असेल तर आकाराचा उपयोग नाही.

तक्रार करायची तर कुठे

तोंडी तक्रार पायऱ्यांवरच विरघळते, म्हणून लेखी करावी : तारीख, जागा, काय झालं, कोण हजर होतं, काय हवं आहे. पाच ओळी पुरतात. २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिची प्रमुख महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समितीची नावं नोटीस बोर्डावर लावलेली असली पाहिजेत. नसतील तर ती कुठे आहेत हे आधीच विचारून ठेवावं, गरज पडायची वाट पाहू नये.

सोडून जाताना

मोठी कंपनी सोडणंसुद्धा एक प्रक्रिया आहे, आणि घाईत ती बिघडते. ऑफिसर असाल तर नोटीस बहुधा ६० किंवा ९० दिवसांची. नवी कंपनी 'पंधरा दिवसांत या' म्हणते, जुनी सोडत नाही. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, आणि ते मूळ वेतनावर मोजतात की पूर्ण पगारावर, हे नेमणूक पत्रात असतं. राजीनामा ईमेलवर द्यावा आणि स्वीकारल्याचं उत्तर घ्यावं.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, हे बहुतेकांना उशिरा कळतं. या विम्यात जुन्या आजारांना सहसा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, आईवडीलही असतात. स्वतःची नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोटीस चालू असतानाच विमा कंपनीला विचारावं की हीच पॉलिसी वैयक्तिक करून मिळेल का. घरात मधुमेही किंवा हृदयरोगी असेल तर स्वतःची छोटी पॉलिसी नोकरीत असतानाच घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

नव्या संहितेप्रमाणे शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. अनुभवपत्र, कार्यमुक्तीचं पत्र, शेवटच्या वर्षाचा फॉर्म १६ आणि सगळ्या स्लिपा आपल्या खाजगी ईमेलवर घ्या, कारण कंपनीचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो. आणि पीएफच्या संकेतस्थळावर तुमची सेवा संपल्याची तारीख भरली गेली आहे का ते पाहा. ती भरलेली नसली की जुने पैसे नव्या खात्यात नेण्याचं काम अडतं. कंपनीने नाही भरली तर सोडल्यापासून दोन महिने झाल्यावर ती तारीख तुम्हाला स्वतः भरता येते, फक्त आधार तुमच्या यूएएनशी आणि चालू मोबाइल नंबरशी जोडलेलं हवं.